मकावचा नकाशा कसा वाचावा: जुनी जमीन, भरावाची जमीन आणि मुक्कामाची निवड

प्रश्न थोडक्यात असा आहे. हाँगकाँगच्या सहलीतून दोन रात्रींसाठी मकावला जायचे आहे. सोबत गुडघ्यांचा त्रास असलेली सत्तरीची आई आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. जुगार खेळायचा नाही, परंतु ज्या कॅसिनोंसाठी हे शहर ओळखले जाते ते पाहायचे आहेत आणि जुने पोर्तुगीज शहरही पाहायचे आहे. हॉटेलांच्या याद्यांत ‘मकाव’, ‘ताइपा’, ‘कोताई’, ‘नापे’ अशी नावे येतात आणि नकाशावर सगळे एकमेकांना लागून दिसते. मग राहावे कोठे?

मराठी प्रवाशांचे गट घेऊन हाँगकाँग आणि मकावला जाणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गटातून येतो. तो हॉटेलाचा प्रश्न म्हणून विचारला जातो, पण त्याच्या मुळाशी वेगळी अडचण असते असे माझे मत आहे. मकाव अवघे तेहतीस चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे कोठेही राहिले तरी चालेल असे वाटते. प्रत्यक्षात या तेहतीस चौरस किलोमीटरांत तीन-चार अगदी निरनिराळ्या स्वभावांच्या वस्त्या आहेत, त्यांच्यामध्ये पाणी, पूल आणि टेकड्या आहेत, आणि कॅसिनो त्यांपैकी कोणत्याही एका भागापुरते मर्यादित नाहीत. म्हणून आधी शहराची रचना समजून घ्यावी. हॉटेल त्यानंतर पाच मिनिटांत ठरते.

मकाव समजून घेण्याची माझी पद्धत एकच आहे: आपण उभे आहोत ती जमीन जुनी आहे की समुद्रात भराव घालून केलेली, हे आधी पाहायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी मकावचे एकूण क्षेत्रफळ बारा चौरस किलोमीटरांहूनही कमी होते. आज ते जवळजवळ तिप्पट झाले आहे, ते केवळ भरावामुळे. मुंबईत फोर्टच्या गल्ल्यांतून निघून नरिमन पॉइंटला पोहोचेपर्यंत रस्ते जसे रुंद आणि सरळ होत जातात, तसाच बदल मकावमध्ये काही मिनिटांच्या चालीत जाणवतो. जुन्या जमिनीवर चढउतार, अरुंद गल्ल्या, मंदिरे, चर्च आणि राहती घरे आहेत. भरावाची जमीन सपाट, रस्ते रुंद, चौक दूरदूर आणि मोठे कॅसिनो बहुतांशी तिथेच. आईच्या गुडघ्यांच्या दृष्टीने हा फरक हॉटेलाच्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

आता भाग पाहू. उत्तरेला चीनच्या भूमीला चिकटलेले मकाव द्वीपकल्प आहे. हॉटेलांच्या याद्यांत नुसते ‘मकाव’ असे लिहिलेले असते तेव्हा बहुधा हाच भाग अभिप्रेत असतो. त्याच्या दक्षिणेला ताइपा आणि त्याहून दक्षिणेला कोलोआन ही पूर्वीची दोन वेगळी बेटे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस या दोन बेटांना जोडणारा रस्ता समुद्रातून बांधला गेला आणि पुढे त्याच्या दोन्ही अंगांना भराव घालून जी नवी जमीन तयार झाली ती कोताई. द्वीपकल्प आणि ताइपा यांना जोडणारा पहिला पूल १९७४ साली झाला. त्यानंतर १९९४, २००४ आणि २०२४ मध्ये आणखी तीन पूल आले. म्हणजे द्वीपकल्पावरून कोताईला जायचे तर पूल ओलांडणे अटळ आहे आणि हे अंतर पायी जाण्याचे नाही.

द्वीपकल्पावर दिशा सापडण्यासाठी एकच ठिकाण मनात पक्के करावे: लिस्बोआ. १९७० साली उघडलेले जुने लिस्बोआ हॉटेल आणि त्याच्या शेजारचा, कमळासारखा वर उमलत गेलेला सोनेरी ग्रँड लिस्बोआ मनोरा ही जागा जुन्या आणि नव्या जमिनीच्या बरोबर सांध्यावर आहे. हा मनोरा शहराच्या बऱ्याच भागांतून दिसतो. त्याच्यापासून पश्चिमेकडे आल्मेदा रिबेरो हा मार्ग जुन्या शहरात शिरतो, सेनादो चौकावरून जातो आणि पलीकडच्या आतल्या बंदराला मिळतो. रमतगमत चाललो तरी हे सारे अर्ध्या तासाच्या आतले अंतर आहे. आग्नेयेला नापे हा भरावाचा भाग, जिथे विन आणि एमजीएम हे मोठे कॅसिनो आहेत. ईशान्येकडे जाणारा रुंद हमरस्ता बाह्य बंदराच्या फेरी धक्क्याकडे नेतो. दक्षिणेला १९७४चा तो पहिला पूल ताइपाकडे जातो. त्यावरून आता बस आणि टॅक्सीच जातात. वाट चुकल्यासारखे वाटले तर मान वर करून तो सोनेरी मनोरा शोधावा, असे मी गटातल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो, आणि बहुतेकांना नकाशापेक्षा याचाच अधिक उपयोग होतो.

जुन्या शहराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मकावला येऊन केवळ कॅसिनोंच्या इमारती पाहून परतणाऱ्यांचे मला मनापासून वाईट वाटते. मकावच्या ऐतिहासिक केंद्राचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००५ साली समावेश झाला. त्याचे हृदय सेनादो चौक. काळ्या-पांढऱ्या दगडांची लाटांसारखी फरसबंदी, भोवती फिकट पिवळ्या आणि गुलाबी रंगांच्या इमारती, आणि तिथून चढत जाणारी गल्ली सेंट पॉल चर्चच्या अवशेषांपर्यंत. या चर्चला १८३५ साली आग लागली आणि आज उभी आहे ती केवळ त्याची दगडी दर्शनी भिंत. भिंतीपुढे रुंद दगडी पायऱ्या आहेत. आईंना त्या चढणे अवघड वाटले तर पायथ्याच्या मोकळ्या जागेतून भिंत उत्तम दिसते. वर जाण्याचा आग्रह धरू नये. भिंतीला लागून असलेल्या टेकडीवर मोंते किल्ला आहे आणि त्याच्या पोटात मकावचे संग्रहालय. संग्रहालयाच्या बाजूने सरकत्या जिन्यांनी किल्ल्याच्या माथ्याजवळ पोहोचता येते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसल्याने ते उन्हात चढण चढत बसतात. माथ्यावरून तोफांच्या रांगेआड ग्रँड लिस्बोआ आणि पलीकडच्या दाट वस्त्या एकाच दृष्टिक्षेपात येतात. शहराची रचना मुलाला समजावून सांगण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

सेनादो चौकापासून दक्षिणेकडे, पेन्या टेकडीच्या उताराने आ-मा मंदिरापर्यंत जाणारा पट्टा तुलनेने शांत आहे. मंडारीनचे (म्हणजे चिनी दरबारातील अधिकाऱ्याचे) घर म्हणून ओळखला जाणारा प्रशस्त चिनी वाडा, लिलाऊचा छोटा चौक आणि दर्यावर्दींच्या देवीचे आ-मा मंदिर ही ठिकाणे येथे एकापाठोपाठ एक येतात. याच वाटेवर मूरिश बराकी नावाची पिवळट कमानींची इमारत आहे. ती १८७४ मध्ये गोव्याहून मकावच्या पोलीस दलाच्या मदतीला आणलेल्या भारतीय शिपायांसाठी बांधली गेली. मराठी प्रवाशांना मी येथे मुद्दाम थांबवतो. १८४४ पर्यंत मकावचा कारभार पोर्तुगीज गोव्याच्या अधिपत्याखाली होता. रस्त्यांच्या नावांच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या पाहून पणजीच्या फॉन्तेन्यासची आठवण होते, त्यामागे हा समान इतिहास आहे. फरशीवर पोर्तुगीज आणि चिनी अशी दोन्ही नावे असतात. मात्र टॅक्सीचालकाला पोर्तुगीज नाव सांगून सहसा काही उपयोग होत नाही, कारण स्थानिक लोक कँटोनी नावेच वापरतात. त्यांच्या बोलीत सेंट पॉलचे अवशेष म्हणजे ‘ताय साम बा’ आणि आल्मेदा रिबेरो म्हणजे ‘सान मा लो’. हॉटेलाचे चिनी लिपीतले कार्ड खिशात ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय.

जुन्या शहराची एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. फरसबंदी पावसात निसरडी होते, चढ अनपेक्षितपणे येतात, आणि दहा-साडेदहानंतर सेंट पॉलकडे जाणाऱ्या गल्लीत गर्दी इतकी होते की ज्येष्ठांना हात धरून न्यावे लागते. सकाळी आठच्या सुमारास तेथे पोहोचलात तर तोच परिसर अगदी निवांत मिळतो. आतल्या बंदराचा काठ सखल आहे आणि वादळाच्या वेळी तेथे पाणी शिरते. ऑगस्ट २०१७ च्या हातो वादळात या भागाची मोठी हानी झाली होती. जून ते ऑक्टोबर या काळात जाणार असाल तर स्वस्त मिळते म्हणून त्या काठावरचे हॉटेल घेऊ नये.

नापे आणि त्याला लागून असलेला बाह्य बंदराचा भाग हा कॅसिनोंच्या विस्ताराचा पहिला टप्पा आहे. १९६२ पासून चाळीस वर्षे मकावमधील जुगाराचा मक्ता एकाच कंपनीकडे होता. २००२ मध्ये तो संपला आणि बाहेरच्या कंपन्या आल्या. २००४ मध्ये सँड्स, २००६ मध्ये विन आणि २००७ मध्ये एमजीएम येथे उघडले. रस्ते आखीव आहेत, समुद्रकाठी फिरण्याची जागा आहे आणि लिस्बोआ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या बाजूचे अनेक लहान कॅसिनो अलीकडे बंद झाले आहेत, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतली गजबज प्रत्येक गल्लीत सापडेल असे समजू नये. द्वीपकल्पाच्या उत्तर टोकाला, चीनच्या सीमेकडे, दाट निवासी वस्ती आहे. बाजार आणि साधी खानावळ पाहण्याची ज्यांना आवड आहे त्यांच्यासाठी तो भाग उत्तम आहे, परंतु दोन रात्रींच्या कौटुंबिक सहलीत तेथे मुक्काम करण्याचे कारण दिसत नाही.

आता कोताई. येथे २००७ मध्ये व्हेनेशियन उघडले आणि त्यानंतर सिटी ऑफ ड्रीम्स, गॅलेक्सी, स्टुडिओ सिटी, विन पॅलेस, पॅरिसियन, लंडनर अशी अवाढव्य संकुले उभी राहिली. येथे हॉटेल, बाजारपेठ, नाट्यगृह, भोजनगृहे आणि कॅसिनो एकाच छताखाली असतात. जमीन सपाट, आतले वातावरण वातानुकूलित, सर्वत्र उद्वाहक आणि सरकते जिने, आणि काही संकुले एकमेकांना पादचारी पुलांनी जोडलेली. मात्र नकाशावर शेजारी दिसणारी दोन संकुले प्रत्यक्षात वीस मिनिटांच्या चालीची असू शकतात, कारण त्यांचे आतले मार्गच फार लांब आहेत. कोताईत अंतर इमारतींच्या संख्येवर मोजू नये. शक्य असेल तिथे संकुलांच्या मोफत बसने जावे. ज्येष्ठांसाठी चाकाच्या खुर्चीची सोय हॉटेलकडे आरक्षणाच्या वेळीच मागून ठेवावी.

मुलाच्या बाबतीत नियम कडक आहे. एकवीस वर्षांखालील कोणालाही कॅसिनोच्या खेळाच्या दालनात प्रवेश नाही. दाराशी रक्षक असतात आणि वयाचा संशय आल्यास पारपत्र मागतात. बाजारपेठ, कालवे, खाण्याची दुकाने यांचे मार्ग दालनाला वळसा घालून जातात, त्यामुळे कुटुंबाला संकुलात फिरायला अडचण येत नाही. दालन पाहायचे असेल तर मोठ्यांनी आळीपाळीने जावे. प्रवेशाला शुल्क नाही, खेळण्याची सक्ती नाही, छायाचित्रे मात्र काढता येत नाहीत. बहुतेक मेजांवर बकारा हा पत्त्यांचा खेळ चालतो. माझे मत विचाराल तर पंधरा मिनिटे शांतपणे उभे राहून पाहणे पुरेसे आहे. आणि गटातील कोणी ‘थोडे खेळून पाहतो’ म्हणाले तर खर्चायची रक्कम बाहेरच मोजून, कार्ड आणि उरलेले पैसे घरच्यांकडे देऊनच आत जावे, असा माझा आग्रह असतो. या बाबतीत मी कोणाचे मन राखत नाही.

कोताईचा एक मोठा फायदा असा की जुने ताइपा गाव तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. व्हेनेशियन आणि गॅलेक्सीच्या बाजूने गावाकडे जाताना सरकत्या पट्ट्यांचा मार्ग आहे, त्यामुळे आईंनाही ते जमेल. कुन्या नावाची खाण्याच्या दुकानांची अरुंद गल्ली आणि तलावाकाठची हिरव्या रंगाची पोर्तुगीज घरे, जी आता संग्रहालय आहेत, संध्याकाळी पाहण्यासारखी आहेत. म्हणजे कोताईला राहूनही जुन्या जमिनीचा एक छोटा तुकडा हाताशी असतो. ताइपाचा उरलेला भाग म्हणजे विमानतळ आणि उंच निवासी इमारती; तेथे प्रवाशाला विशेष काम नाही.

कोलोआनला वेळ उरला तरच जा, पण उरला तर नक्की जा. तेथे लहानसे मच्छीमार गाव, १९२८ साली बांधलेले सेंट फ्रान्सिस झेवियरचे छोटे चर्च, काळ्या वाळूचा हाक सा किनारा आणि पोर्तुगीज धाटणीच्या अंड्याच्या टार्टसाठी प्रसिद्ध असलेली बेकरी आहे. ज्या संताचे पार्थिव जुन्या गोव्यात आहे त्याचा मृत्यू १५५२ मध्ये याच किनाऱ्यालगतच्या एका बेटावर झाला होता, हे सांगितले की गोव्याहून आलेले प्रवासी त्या चर्चमध्ये अधिक वेळ थांबतात.

येण्याजाण्याची ठिकाणे कोणत्या भागाला जवळ आहेत हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. हाँगकाँगहून बोटी दोन धक्क्यांवर येतात: एक द्वीपकल्पावरील बाह्य बंदर, दुसरा ताइपा. २०१८ पासून समुद्रपुलावरून बसनेही येता येते. ती बस द्वीपकल्पाच्या ईशान्येकडील कृत्रिम बेटावर सोडते. कोताईत हॉटेल असेल तर ताइपाची बोट सोयीची. तिन्ही ठिकाणी मोठ्या संकुलांच्या मोफत बस उभ्या असतात. हलकी रेल्वे बार्राहून, म्हणजे आ-मा मंदिराच्या परिसरातून, ताइपा, कोताई, विमानतळ आणि ताइपाच्या फेरी धक्क्यापर्यंत जाते, मात्र सेनादो चौकापर्यंत ती जात नाही. बार्राला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. हाँगकाँगचे डॉलर मकावमध्ये सर्वत्र चालतात, पण सुटे बऱ्याचदा पताका या मकावच्या स्वतःच्या चलनात मिळतात आणि पताका हाँगकाँगमध्ये चालत नाहीत. शेवटच्या दिवशी ते संपवूनच निघावे. बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आपल्यालाच ठरवाव्या लागतील. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री दर चढतात. चिनी नववर्ष, मे महिन्याचा पहिला आठवडा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा शक्यतो टाळावेत. आई सलग किती चालू शकतात, आणि त्यांना गर्दीचा त्रास अधिक होतो की चढणीचा, यावर बरेच ठरेल. आई आणि मुलगा सोबत नसते तर मी सेनादो आणि लिस्बोआ यांच्या दरम्यानचे एखादे मध्यम हॉटेल सुचवले असते, कारण सकाळी लवकर आणि रात्री उशिरा पायी फिरण्यातच त्या शहराचा खरा आनंद आहे.

आपल्या कुटुंबासाठी मात्र मी दोन्ही रात्री कोताईतच काढायला सांगेन. दोन हॉटेलांत एकेक रात्र विभागू नये. सामान आवरण्यात आणि खोली मिळण्याची वाट पाहण्यात अर्धा दिवस जातो. पहिल्या दिवशी ताइपाच्या बोटीने येऊन सामान ठेवावे, दुपारी विश्रांती, संध्याकाळी ताइपा गाव आणि रात्री कोताईची रोषणाई. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला टॅक्सीने थेट सेनादो चौक, तेथून सेंट पॉल, सरकत्या जिन्यांनी मोंते किल्ला, आणि अकराच्या आत टॅक्सीने आ-मा मंदिर. तेथे मूरिश बराकी आणि लिलाऊ चौक पाहण्यापुरते चालणे पुरेसे आहे. परत येताना बार्राहून हलकी रेल्वे घ्यावी. ती पूल ओलांडून कोताईत पोहोचते आणि मुलाला पाण्याच्या दोन्ही बाजूंचे मकाव एका प्रवासात कळते. आईंना थकवा वाटला तर दुपार खोलीतच काढू द्यावी. तिसऱ्या दिवशी बोट दुपारची असेल तर सकाळी कोलोआन होऊ शकते, पण परतीच्या बोटीआधी दोन तास हातात राहतील एवढ्या बेताने, कारण धक्क्यावर पारपत्र तपासणीची रांग सुट्टीच्या दिवशी लांब असते. हाँगकाँगमध्ये पुन्हा प्रवेश करायचा असल्याने तेथील ऑनलाइन पूर्वनोंदणीची मुदत परतीच्या तारखेपर्यंत शिल्लक आहे ना, हे निघण्यापूर्वीच तपासून तिची छापील प्रत प्रत्येकाच्या पारपत्रात ठेवावी.